सासूबाई म्हणतात, मी गाडीत बसते

*ताई, आम्ही जॉर्जियात कमिंगला राहतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. सासू-सासरे वाईहून सहा महिन्यांसाठी आलेत. उत्तर जॉर्जियातल्या स्टेट पार्कांमधले नऊ धबधबे चार दिवसांत बघायचे, असा बेत माझ्या नवऱ्याने आखलाय. वेळापत्रकसुद्धा तयार आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "तुम्ही या बघून, मी आपली गाडीत बसते." सासरे इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना मधुमेह आहे. त्यांना एप्रिलमध्ये धबधब्याला पाणी असतं हेच पटत नाही. मुलगा फोनमधून मान वर काढत नाही. पार्कातली कॉटेजेस सगळी भरलीत. सगळ्यांना आनंद होईल अशी सहल कशी करू? – वाईची सून, कमिंग*

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगंतुगंच करते.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते सासूबाईंचं. आपल्याकडची साठी उलटलेली बाई "मी गाडीत बसते" म्हणते, तेव्हा त्यामागे गुडघे असतातच, पण नुसते गुडघे क्वचित असतात. डोंगरात बाथरूम कुठे असेल, असेल तर कशी असेल, ही धास्ती असते. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी तिचं डोकं धरतं. आपल्यामुळे चौघांचा खोळंबा होईल, हा संकोच त्याहून मोठा. हे ती मुलाला सांगणार नाही, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. तू एकदा दोघीच स्वयंपाकघरात असताना विचार, "आई, चालायचा त्रास आहे की बाथरूमची काळजी वाटते?" बहुतेक उत्तर मिळेल. आणि मग पुढचा बेत त्या उत्तरापासून आखायला घे.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या आईच्या बाबतीत मी नेमकं उलटं केलं होतं. ती पहिल्यांदा इकडे आली तेव्हा मी तिला टलूला गॉर्जला, म्हणजे टलूला नदीच्या खोल घळीला, नेलं. झुलत्या पुलापर्यंत उतरू, मग सावकाश चढून येऊ, असं म्हटलं. उतरताना तिला काही वाटलं नाही, पण वर येताना दर दहा-बारा पायऱ्यांवर तिला कठड्याला धरून थांबावं लागलं. ती एका शब्दाने तक्रार करत नव्हती आणि मला तेच बघवत नव्हतं. त्या दिवशीचं पाणी कसं होतं ते मला आज आठवत नाही. तिचा कठड्यावरचा हात तेवढा लख्ख आठवतो.

म्हणून पहिल्या दिवशी टलूलाला जाऊ नका, अमिकलोला धबधब्याला जा. नाव चेरोकी भाषेतलं आहे, कोसळतं पाणी असा त्याचा अर्थ सांगतात. पाणी टप्प्याटप्प्याने ७२९ फूट खाली येतं; आग्नेय अमेरिकेतल्या सर्वांत उंच धबधब्यांत त्याची गणना होते. तुमच्या घरापासून जीए-४०० महामार्गाने उत्तरेला जेमतेम तासाभराचा रस्ता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ६०४ पायऱ्या आहेत आणि तुझ्या नवऱ्याच्या वेळापत्रकात त्या नक्की असणार. पण या जागेची खरी थोरवी अशी, की एकही पायरी न चढता धबधबा खालून, मधून आणि वरून असा तिन्हीकडून बघता येतो. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. चढ चांगलाच खडा आहे, पण गाडी थेट पोचते आणि तिथून कड्याचा पॉइंट अगदी जवळ. मधल्या टप्प्यासाठी वेस्ट रिज नावाची वेगळी वाट आहे. अंतर साधारण ०.३ मैल. जुन्या टायरांच्या रबराची मऊ वाट केली आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल अशी. ती संपते तो पूल धबधब्याच्या ऐन मध्यावर आडवा टाकलेला आहे. उभं राहिलं की समोरून पाणी अंगावर आल्यासारखं वाटतं, तुषार चेहऱ्यावर येतात आणि तेच पाणी पायांखालून पुढे खाली जातं.

सासूबाईंना त्या पुलावर ने. काठी हातात दे, तू शेजारून चाल, आणि मुख्य म्हणजे मुलांना पुढे पाठवून दे, म्हणजे मागे कोणी ताटकळतंय असं त्यांना वाटणार नाही. बाप-लेकाला पायऱ्यांची हौस असेल तर त्यांनी पायथ्यापासून चढावं, तोवर तुम्ही चौघं गाडीने वर जा आणि माथ्यावर सगळे भेटा. पायथ्याच्या व्हिजिटर सेंटरला स्वच्छ बाथरूम आहे. तिथे पोचल्या-पोचल्या सगळ्यात आधी ती जागा सासूबाईंना दाखव. निम्मी धास्ती तिथेच उतरेल.

सासऱ्यांची शंका रास्त आहे. वाईच्या माणसाचं धबधब्याचं पंचांग जून ते सप्टेंबर असं असतं. ठोसेघरला एप्रिलमध्ये गेलं तर काळा कडा तेवढा दिसतो. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत पाऊस वर्षभर पडतो, आणि हिवाळ्यात झाडांना पान नसल्यामुळे ती जमिनीतलं पाणी फारसं ओढत नाहीत. म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत ओढे-नाले भरून वाहतात. खडखडाट बघायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात यावं लागेल. शिवाय एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या डोंगरात पालवी नुकती फुटत असते, त्यामुळे जे पाणी जूनमध्ये झाडीआड जातं ते आत्ता रस्त्यावरूनही दिसतं. डॉगवूडची पांढरी फुलं असतात. तुमच्या भागात गाड्यांवर पाइनच्या परागांचा पिवळा थर बसलेला असेल. कोणाला शिंकांचा त्रास असेल तर औषध आधीपासून सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेव.

दुसरा दिवस एक दिवसाआड ठेव आणि ॲना रूबी धबधब्याला जा. हेलन गावाच्या पुढे, युनिकॉय स्टेट पार्कला लागून. कर्टिस आणि यॉर्क असे दोन ओढे शेजारी-शेजारी कोसळतात, एक १५३ फुटांवरून आणि दुसरा ५० फुटांवरून, आणि पायथ्याशी एक होऊन स्मिथ क्रीक म्हणून पुढे जातात. वाट ०.४ मैलांची, डांबरी, पण चढाची. सासूबाईंना त्या दिवशी बरं वाटलं तर बसत-उठत जातील, नाही तर खाली ओढ्याच्या काठी बसूनही पाण्याचा आवाज कानाशी असतोच. गाडीत मात्र बसू देऊ नकोस. घडीची खुर्ची बरोबर घे. बंद काचेआड बसणं आणि झऱ्याकाठी शाल पांघरून बसणं यात किती फरक आहे, हे कृष्णेच्या घाटावर आयुष्य गेलेल्या बाईला तू सांगायची गरज नाही. एक लक्षात ठेव, ॲना रूबीची जागा राष्ट्रीय वनखात्याची आहे, स्टेट पार्कची नाही. तिथे स्टेट पार्कचा पास चालत नाही, वेगळे पैसे पडतात. वादळानंतर झाडं पडून डोंगरातल्या वाटा बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी वाट उघडी आहे ना, एवढं बघून घे.

आता टलूला. ती जागा मी तुझ्या मुलासाठी राखून ठेवली आहे.

ही घळ साधारण दोन मैल लांब आणि जवळजवळ १००० फूट खोल आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिच्या धबधब्यांची गर्जना दूरवर ऐकू यायची म्हणतात. मग वीज कंपनीने धरणाचं काम काढलं. हेलन डॉर्च लाँगस्ट्रीट नावाच्या बाईंनी १९११ च्या सुमाराला त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी केली. चळवळ हरली, धरण झालं आणि नदी बोगद्यातून वीजघराकडे वळवली गेली. तेव्हापासून घळीत एरवी थोडंच पाणी सोडतात. पण वर्षात काही दिवस ठरवून मोठा विसर्ग करतात, आणि त्यातले दिवस एप्रिलचे पहिले दोन शनिवार-रविवार असतात. म्हणजे तुमच्या सुट्टीचं एखादं टोक त्यात येईलच. त्या दिवशी नदी पुन्हा जुनी नदी होते आणि कयाक घेऊन लोक त्या लाटांत उतरतात. १२ वर्षांच्या पोराला काठावरून बघू दे, एवढ्याशा होडीत बसलेला माणूस ओशिॲना धबधब्याच्या फेसात दिसेनासा होतो आणि क्षणभराने पुढे वर येतो. फोन बाहेर निघेल तो व्हिडिओ काढायला निघेल, आणि त्याला तू काही म्हणू नकोस. त्या वर्षीच्या विसर्गाच्या तारखा पार्क जाहीर करतं, तेवढ्या ताडून घे.

झुलता पूल घळीच्या तळापासून ८० फूट उंच आहे. तिथपर्यंत बाप-लेकाने जावं. पार्कातल्या पायऱ्यांचा पूर्ण फेरा केला तर त्या हजाराच्या वर भरतात, तेव्हा ५ वर्षांच्या मुलीला नेलं तर येताना ती खांद्यावर असेल, हे नवऱ्याला आधी सांग. घळीच्या तळाशी उतरायला रोज फक्त १०० जणांना परवाना मिळतो आणि विसर्गाच्या दिवशी तो देतच नाहीत. तेव्हा तळाचा विचार या खेपेला सोडा. दगडांवरून उड्या मारत नदी ओलांडायची असते, लहान मुलांचं ते काम नव्हे.

सासऱ्यांना काठावरच्या पॉइंटांवर थांबू दे. महाबळेश्वरच्या पॉइंटांसारखीच रचना आहे, कठडा धरून खाली बघायचं. तिथे त्यांना आवडेल अशी एक गोष्ट आहे. १८ जुलै १९७० रोजी कार्ल वॉलेंडा नावाचा डोंबारी या काठावरून त्या काठावर ताणलेल्या तारेवरून चालत गेला. वय ६५. मधेच तारेवर डोक्यावर उभा राहिला, तेही दोनदा. ज्या मनोऱ्यांना तार बांधली होती त्यांचे अवशेष आजही काठावर दिसतात. नातवाला ही गोष्ट आजोबांनीच सांगावी, तू आधी फोडू नकोस.

आजोबांच्या पोतडीत आणखी एक गोष्ट घाल. महाबळेश्वरला एकाच डोंगरातून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, हे वाईच्या शिक्षकाने वर्गात किती वेळा फळ्यावर काढलं असेल! इथेही तसाच पाणलोट आहे. ॲना रूबीचं पाणी चॅटहूची नदीतून मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. टलूलाचं पाणी टुगलू आणि सवाना नद्यांतून अटलांटिकला. दोन धबधबे गाडीने तासाभराच्याही आतल्या अंतरावर, पण त्यांचे समुद्र वेगळे. एक कागद आणि पेन्सिल नातवाच्या हातात द्या आणि दोन्ही नद्या काढायला सांगा.

अमिकलोलाहून परतताना वेळ उरला तर डॅलोनेगा गाव वाटेजवळ आहे. १८२८-२९ च्या सुमाराला या भागात सोनं सापडलं, लोकांची झुंबड उडाली, सरकारने १८३८ मध्ये तिथे टांकसाळ घातली. आणि त्याच १८३८ साली चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने या डोंगरांतून हाकलून पश्चिमेला नेलं. हजारो माणसं वाटेत मेली. आपण जी नावं वाचत फिरतो, अमिकलोला, डॅलोनेगा, ती त्यांची आहेत. मुलगा १२ वर्षांचा आहे, त्याला हे कळायला हवं, आणि सांगायला घरात इतिहासाचा शिक्षक आहे.

आता जे बोलायला मला आवडत नाही, पण सोडणार नाही, ते. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत मुलं होती. घोटाभर पाण्यात उभे होते, बघता-बघता लोंढा आला. तो व्हिडिओ सासू-सासऱ्यांनीही बघितला असेल, त्यामुळे त्यांच्या मनात भीती असेल तर ती खोटी समजू नकोस. इथल्या धबधब्यांवर जीव जातात ते बहुतेक वरच्या टोकाला. माथ्यावर पाणी पसरट आणि शांत दिसतं, खडकावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्याला दिसत नाही, आणि माणूस फोटोसाठी कठडा ओलांडून दोन पावलं पुढे जातो. म्हणून घरचा नियम एकच आणि तो नवऱ्यालाही लागू: कठड्याच्या पलीकडे कोणीही पाऊल टाकायचं नाही. ५ वर्षांच्या मुलीचा हात माथ्यावर कोण धरणार, हे गाडीतून उतरण्याआधी नाव घेऊन ठरवा. "सगळे लक्ष ठेवतील" म्हटलं की कोणीच ठेवत नाही. वर डोंगरात वळीव पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ दिसलं किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की त्या मिनिटाला काठ सोडायचा.

तुमच्या घराजवळच्या चॅटहूचीबद्दलही सांगते, कारण पोहे खायला म्हणून तुम्ही तिथे सहज जाल. ब्यूफर्ड धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात. भोंगे वाजतात, आणि मग काही मिनिटांत नदी कित्येक फूट चढते. पाणी धरणामागच्या लेक लेनिअर तलावाच्या तळातून येतं, त्यामुळे मे-जूनमध्येही हाडं गोठवणारं. धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. आकाश निरभ्र आणि नदी शांत, तरी भोंगा ऐकला की बाहेर.

कॉटेज मिळालं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. ती १३ महिने आधीपासून बुक करता येतात, स्प्रिंग ब्रेकची तर लोक तेव्हाच उरकून ठेवतात. पण मला विचारशील तर तुमच्या घरासाठी हेच बरं झालं. तिन्ही जागा तुमच्यापासून तास-दीड तासावर आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी आपल्या घरी यावं. सासऱ्यांची औषधं जागच्या जागी, सासूबाईंना आपली गादी, मुलीला आपली उशी. मधला एक दिवस पूर्ण रिकामा ठेव, कुठेही जायचं नाही.

साडेआठला घर सोडा. शनिवार-रविवारी दहानंतर पार्किंग भरतं आणि गाड्या परत पाठवतात. डबा घरचाच ने. मेथीचे ठेपले किंवा दशम्या, दही वेगळ्या थर्मासमध्ये, उकडलेले दाणे, केळी. सासऱ्यांचं खाणं धबधब्याच्या वेळेवर ढकलू नकोस, त्यांच्या वेळेला जिथे असाल तिथे गाडी थांबव. साखर उतरली तर चटकन देता येईल असं काही तुझ्या खिशात असू दे. उरलेलं अन्न बाकावर ठेवून फिरायला जाऊ नका, त्या डोंगरांत अस्वलं आहेत. सासूबाईंना चपलांवर नेऊ नकोस. चांगली पकड असलेले बूट आठवडाभर आधी घे आणि घराभोवती वापरून सैल होऊ दे. साडी नेसायची तर नेसू दे, जरा वर खोचून, बुटांसकट. सकाळी वर गारठा असतो, स्वेटर-शाल लागेल. दोघांचा व्हिजिटर इन्शुरन्स असेलच. त्याच्या कार्डाचा फोटो तुझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये ठेव, आणि नकाशा आधीच उतरवून घे, कारण डोंगरात नेटवर्क जातं.

राहिला नवरा. त्याच्या नऊच्या यादीवर फुली मारू नकोस. त्याने ती आईवडिलांना आपला देश, म्हणजे तो जिथे राहतो तो देश, दाखवायच्या हौसेने केली आहे, आणि सहा महिने किती भराभर संपतात ते त्याला कळतंय. त्याच्यासमोर तीन नावं ठेव आणि सांग की आईला त्या मधल्या पुलावर तू स्वतः घेऊन जा. माझी खात्री आहे, उरलेल्या सहांची आठवण त्याला त्या दिवशी होणार नाही. ते मे महिन्यातल्या शनिवारांना जाऊन बघता येतील, सासू-सासरे तोवर इथेच आहेत.

आणि जॉर्जियातल्या पब्लिक लायब्रऱ्यांमधून स्टेट पार्कचा पार्किंग पास पुस्तकासारखा घरी नेता येतो. अमिकलोला आणि टलूला दोन्हीकडे तो चालेल. मुलांचं लायब्ररी कार्ड असेलच, तर उद्याच जाऊन विचार. सुट्टीच्या आठवड्यात तो सगळ्यांनाच हवा असतो.